दुबार यादी मशीनने काढली, शेरा मात्र माझा: एआयसाठी कार्यालय तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

निराधार_टेबल

नमस्कार मंडळी, जरा लांबच लिहितोय, सांभाळून घ्या. मी एका तहसील कार्यालयात निराधार शाखेत आहे, संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांच्या फायली माझ्याच टेबलावर. मागच्या आठवड्यात साहेबांनी बोलावून सांगितलं की आता सगळीकडे एआय येतंय, आपलं कार्यालय तयार पाहिजे, एक टिपणी ठेवा, ट्रेनिंग काय लागेल, काळजी काय घ्यायची, नैतिक वापर कसा करायचा वगैरे. मी हो म्हणून आलो आणि तेव्हापासून कोरा कागद समोर आहे. वाचायला घेतलं तर सगळीकडे पारदर्शकता, उत्तरदायित्व, सर्वसमावेशकता. केंद्राची नोव्हेंबर २०२५ ची मार्गदर्शक तत्त्वं पण चाळली, सात सूत्रं आहेत, चांगली आहेत, पण सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर काय बदलायचं ते त्यातून हाताला लागत नाही.

का विचारतोय ते सांगतो. काही महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक यादी आली, 'संभाव्य दुबार लाभार्थी'. कुठल्यातरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने काढलेली, प्रत्येक जोडीपुढे जुळणीचे टक्के. आधार नंबर कंपनीला दिलेले नव्हते (ते योग्यच होतं), त्यामुळे जुळणी नुसती नाव, गाव, जन्मतारीख यावर. त्यात एका गावातल्या दोन आजी होत्या. दोघींचं नाव एक, नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक कारण अर्धं गावच त्या आडनावाचं, आणि जन्मतारीख दोघींची १ जानेवारी. आता जन्माचा दाखला नसला की आधार काढताना १ जानेवारी पडते हे आपल्यातल्या कुणालाही माहिती आहे, त्या मशीनला माहिती नव्हतं. पुढे लिहिलेलं जुळणी ९४ टक्के. मुदत तीन दिवस, निवडणुकीचं काम डोक्यावर, मी फाईल काढून बघितली नाही आणि एकीपुढे 'अनुदान थांबवावे' असा शेरा मारला.

दोन महिन्यांनी त्या आजी आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं, शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, माझं काय चुकलं बाळा? माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं, यादीत नाव होतं एवढंच. नंतर सुरू करून दिलं, थकबाकी पण मिळाली, पण तेवढे दोन महिने त्यांनी बीपीच्या गोळ्या उधारीवर घेतल्या. महिन्याला १५०० रुपये ही रक्कम ज्याला छोटी वाटते त्याने एकदा आमच्या शाखेत येऊन बसावं.

तर माझं म्हणणं, हे पुन्हा होऊ नये यासाठी टिपणीत काय काय घालू? कुणी प्रत्यक्ष काम केलं असेल तर सांगा, शब्दांचे फुलोरे नकोत.

आइंडहोवनची_सरी

दादा तुमचं वाचून इथलंच आठवलं. मी नेदरलँड्समध्ये राहते, इथे पाळणाघराचा खर्च भागवायला सरकार भत्ता देतं, तो कर खातं बघतं. २०१३ पासून त्यांनी अर्जांना जोखमीचे गुण देणारं एक मॉडेल वापरलं, ज्याचे गुण जास्त त्याची फाईल तपासायला. त्यात नागरिकत्व डच आहे की नाही हा सुद्धा एक निकष होता. आणि तुमच्या गोष्टीशी जुळणारी बाब म्हणजे ज्या कर्मचाऱ्यापुढे फाईल जायची त्याला हे गुण कशामुळे आले ते दिसायचंच नाही. त्याने काय करायचं मग, मशीनने जास्त गुण दिलेत म्हणजे काहीतरी असणार असं धरून चालायचं. एखादी सही राहिली, थोडी रक्कम भरायची राहिली, अशा चुकांवरून आख्खा भत्ता परत मागितला गेला, हजारो युरोंची कर्जं डोक्यावर, घरं गेली, संसार मोडले. हजारो कुटुंबं. यावरून डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक बाधित पालकाला किमान ३०,००० युरो द्यायचं ठरलं आणि १५ जानेवारी २०२१ ला इथलं मंत्रिमंडळ राजीनामा देऊन घरी गेलं. माझ्या शेजारीण बाई मूळच्या मोरोक्कोच्या आहेत, सरकारी पाकीट आलं की अजून त्या स्वतः उघडत नाहीत, मुलाला उघडायला लावतात.

त्यानंतर इथे देशभराची अल्गोरिदम नोंदवही सुरू झाली, डिसेंबर २०२२ मध्ये, कुठली संस्था कुठलं सॉफ्टवेअर कशासाठी वापरते ते कुणीही बघू शकतं. तुमच्या तालुक्याला एवढं नको, पण एक साधं रजिस्टर ठेवता येईल ना? कुठली यादी कुठून आली, कशावरून काढली, कुणी तपासली, किती नावं चुकीची निघाली.

अजून एक सांगते कारण हे फार कमी लोक बोलतात. ॲमस्टरडॅम शहराने सामाजिक मदतीचे अर्ज तपासायला एक मॉडेल अगदी काळजीपूर्वक बनवलं, भेदभाव मोजला, तो कमी करायचा प्रयत्न केला, मदत घेणाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाला विचारलं (ते लोक विरोधातच होते). २०२३ मध्ये प्रत्यक्ष अर्जांवर चाचणी घेतली तर भेदभाव पुन्हा दिसला, फक्त वेगळ्या गटांच्या बाबतीत. मग त्यांनी ते बंद केलं. खर्च झालेला होता, मेहनत झालेली होती, तरी बंद केलं. तुमच्या टिपणीत चाचणी कधी थांबवायची आणि थांबवायचा अधिकार कुणाला, हे आधीच लिहा, नंतर कुणाची हिंमत होत नाही.

मुख्यसेविका_ताई

मी अंगणवाडीच्या बाजूने सांगते. आमच्याकडे आहार वाटताना चेहरा जुळवायचं आलं तेव्हा ट्रेनिंग झालं अर्ध्या दिवसाचं, त्यात ॲप कसं उघडायचं, फोटो कसा घ्यायचा, डोळे कसे मिचकवायला सांगायचे हे सगळं दाखवलं. पण चेहरा जुळलाच नाही तर त्या बाईला पाकीट द्यायचं की नाही हे कुणीच सांगितलं नाही. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आता तिसरं बाळंतपण, कपाळावर पदर, घरात उजेड नाही, रेंज नाही. माझ्या एका सेविकेने एका गरोदर बाईला तीन वेळा परत पाठवलं, चार किलोमीटर चालत यायची ती. सेविकेचा तरी काय दोष, तिला भीती की ॲपमध्ये नोंद नसताना पाकीट दिलं तर वसुली माझ्याकडून होईल.

शेवटी आमच्या एका अधिकारी मॅडमनी एक पानाचं पत्र काढलं. चेहरा जुळला नाही तर आहार त्याच दिवशी द्यायचा, वहीत नोंद, लाभार्थीचा अंगठा, सोबत मदतनीसची सही, आणि या नोंदीवरून सेविकेवर कारवाई होणार नाही. ते शेवटचं वाक्य महत्त्वाचं बघा. त्या पत्राची झेरॉक्स प्रत्येक अंगणवाडीत भिंतीवर लागली आणि दुसऱ्या आठवड्यापासून बायकांना परत पाठवणं थांबलं. ॲप तेच, फोन तेच, रेंज तीच.

म्हणून सांगते भाऊ, ट्रेनिंगमध्ये एक तास 'मशीन चुकलं तर' यालाच द्या. आणि ज्याने मशीनविरुद्ध निर्णय घेतला त्याला संरक्षण लेखी द्या, तोंडी नको, तोंडी सांगणारे साहेब बदलून जातात.

माहिती_हक्क

वकिली करतो, निराधारांच्या केसेस बऱ्याच बघितल्यात. तुम्ही नवीन नैतिकता शोधू नका, अर्धी उत्तरं जुन्या कायद्यात आहेत. माहिती अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४(१)(घ) काढून वाचा, प्रशासकीय किंवा न्यायिकवत (कोर्टासारख्या) निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यायची हे तिथे कर्तव्य म्हणून लिहिलंय, अर्ज न करता द्यायची. 'सॉफ्टवेअरने दाखवलं' हे कारण होत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये पण अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, मग पहिलं अपील, दुसरं अपील, वर आयोग. आणि नैसर्गिक न्याय तर त्याहून जुना, चालू असलेला लाभ थांबवण्याआधी माणसाचं ऐकून घ्या. तुमच्या आजींच्या बाबतीत नोटीस नाही, सुनावणी नाही, सकारण आदेश नाही. राग मानू नका, पण तिथे चूक मशीनची कमी आणि कार्यालयाची जास्त आहे. मशीनने फक्त चुकीला वेग दिला.

डेटाचं पण लक्षात घ्या. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा शासनाला अनुदान, दाखले, परवाने यासाठी माहिती वापरायला काही बाबतीत संमतीशिवाय परवानगी देतो, पण त्याला मानकं जोडलेली आहेत, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेत, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कंपनीला पेन ड्राइव्हवर आख्खी लाभार्थी यादी देऊन टाकायची पद्धत त्यात बसत नाही. कुणी दिली, कधी दिली, काम झाल्यावर पुसली का, याची नोंद पाहिजे.

निराधार_टेबल

@माहिती_हक्क राग कसला सर, ते खरंच आहे. त्या दिवशी मी नोटीस काढली असती तर आजी पंधरा दिवसांत येऊन उभ्या राहिल्या असत्या, अनुदान थांबायच्या आधीच.

@मुख्यसेविका_ताई ताई ते पत्राचं फार कामाचं सांगितलंत, शेवटचं वाक्य जसंच्या तसं घेतो.

अजून एक विषय आहे, तो साहेबांपुढे काढावा की नाही कळत नाहीये. यादी वगैरे लांबच्या गोष्टी, पण आमच्याकडे पोरं आत्ताच मोबाईलवर चॅटवाले एआय वापरतात. पत्राचा मसुदा, टिपणी, इंग्रजी पत्राचं मराठी. मराठी बरं येतं आता. पण परवा एका टिपणीत शासन निर्णयाचा संदर्भ आला, विभाग बरोबर, दिनांक बरोबर दिसतोय, क्रमांक अगदी आपल्या पद्धतीचा. मी शासनाच्या वेबसाईटवर शोधला तर त्या तारखेला त्या विभागाचा असा निर्णयच नाही. तो संदर्भ तसाच वर गेला असता आणि त्यावर साहेबांची सही झाली असती. दुसरा एक जण अर्जाचा फोटोच टाकत होता त्यात, आधार, बँक खातं, सगळं दिसतंय. ओरडलो त्याला, पण ओरडून किती दिवस चालणार.

जुळणीवाला

मी सॉफ्टवेअरवाला आहे आणि अशा नावजुळणीच्या सिस्टीम मी स्वतः बनवल्यात, म्हणून थोडी दुसरी बाजू मांडतो. दुबार नावं असतात, खरी असतात, आणि हाताने शोधायला एका टेबलाला वर्ष जाईल. तेव्हा यादी काढणं वाईट नाही. वाईट काय तर ९४ टक्के हा आकडा तुम्हाला कुणी समजावून सांगितला नाही. तो ९४ टक्के 'या दोघी एकच बाई असण्याची शक्यता' नसतो हो, बहुतेक वेळा तो फक्त अक्षरं आणि तारीख किती सारखी आहेत याचा गुण असतो. एकाच गावातल्या, एकाच भावकीतल्या, १ जानेवारीवाल्या दोन बायकांना तो जास्तच येणार. आम्ही बनवताना १ जानेवारीला वजन शून्य करायला पाहिजे होतं, किंवा निदान तुम्हाला विचारायला पाहिजे होतं की तुमच्या नोंदींत कुठली गोष्ट भरवशाची नाही. तुम्ही दोन मिनिटांत सांगितलं असतं.

उलटं पण होतं. ज्ञानेश्वर हे एक नाव इंग्रजीत लिहिताना एका कागदावर 'डी' ने सुरू होतं, दुसऱ्यावर 'जी' ने, सातबाऱ्यावर देवनागरीत. लग्न झालेल्या बाईचं बँकेत माहेरचं आडनाव, रेशन कार्डावर सासरचं. मशीन म्हणतं ही दोन वेगळी माणसं, आणि मग 'कागदपत्रे जुळत नाहीत' म्हणून अर्ज फेटाळला जातो. ही चूक दिसतही नाही, कारण ती बाई पासबुक घेऊन येत नाही, तिला मुळात कधी मिळालेलंच नसतं.

त्यामुळे टिपणीत चाचणीबद्दल असं लिहा. पहिले तीन महिने यादी येऊ दे पण कुणाचंही काही थांबवायचं नाही. यादीतली शंभर नावं तलाठ्याकडून घरी जाऊन तपासा, आणि यादीत नसलेली शंभर पण तपासा, हे दुसरं कुणी करत नाही. चुकीची किती निघाली ते गावनिहाय, बाई-पुरुष, वयानुसार लिहून ठेवा. कंपनीशी करार तुम्ही करणार नाही, तो वर होईल, पण तुमच्या साहेबांनी वर कळवावं की निविदेतच अटी पाहिजेत: प्रत्येक नावापुढे कारण मराठीत दिसलं पाहिजे, सगळ्या नोंदी कार्यालयाच्या मालकीच्या, बाहेरच्या माणसाला तपासू द्यायचं, चुका कळवल्या की ठराविक दिवसांत दुरुस्ती. आणि पैसे पकडलेल्या नावांच्या संख्येवर देऊ नका. नावांमागे पैसे दिले की नावं वाढणारच.

चॅटचं म्हणाल तर बंदी घालून लोक लपून वापरतात हा माझा अनुभव. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी ॲप्स टाळा म्हणून पत्रक काढलं होतं, गोपनीयतेच्या कारणाने, ते बरोबरच आहे. पण तुमच्या पातळीवर दोन ओळी भिंतीवर लावा: नागरिकाचं नाव, नंबर, फोटो त्यात टाकायचा नाही, आणि त्यातून आलेला प्रत्येक शासन निर्णय वेबसाईटवर सांकेतांकासह उघडून त्याची प्रत फाईलला लावल्याशिवाय टिपणी पुढे पाठवायची नाही.

मूसीकाठचा_मराठी

हैदराबादहून लिहितोय, चार पिढ्या इथेच गेल्या. तेलंगणात समग्र वेदिका नावाची सिस्टीम आहे, वेगवेगळ्या खात्यांचा डेटा एकत्र करून घराची माहिती लावते. त्यावरून रेशन कार्डं रद्द झाली. सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या नावासारखं नाव दुसऱ्या गाडीवाल्याचं होतं, मशीनने ती गाडी याच्या नावावर धरली आणि घरचं धान्य बंद. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये कोर्टाने रद्द झालेली जवळपास १९ लाख कार्डं प्रत्यक्ष जाऊन तपासा म्हणून सांगितलं. पहिल्या काही महिन्यांत २ लाखांच्या वर अर्ज तपासले तर त्यात १५ हजारांहून जास्त लोक पात्र निघाले. म्हणजे शंभरात सातजण, ज्यांचं धान्य विनाकारण गेलं. हरयाणात तर १०२ वर्षांच्या आजोबांना रेकॉर्डवर मयत दाखवून पेन्शन बंद केली होती, २०२२ ची गोष्ट, त्यांना रोहतकमध्ये वरातीसारखी मिरवणूक काढून जिवंत असल्याचं दाखवावं लागलं.

@जुळणीवाला तुमचं सगळं पटलं पण एक सांगतो, शंभर नावं तपासायला तलाठी कुठून आणणार? त्याच्याकडे चार सजे असतात. मशीन आणलं की पहिला विचार होतो माणसं कमी करायचा, आणि तपासायला माणूसच लागतो. टिपणीत हे स्पष्ट लिहा की यादी आली तर तपासणीचे दिवस आणि माणसं त्याच पत्रात मंजूर झाली पाहिजेत. तीन दिवसांच्या मुदतीत कुणीही फाईल काढून बघणार नाही, तुम्ही नाही बघितली, मी पण नसती बघितली.

आइंडहोवनची_सरी

कॅनडाचं एक राहिलं, ते उपयोगी पडेल. त्यांच्याकडे २०१९ पासून केंद्र सरकारच्या खात्यांना आपोआप निर्णय घेणारी सिस्टीम लावण्याआधी एक प्रश्नावली भरावी लागते आणि ती जाहीर करावी लागते. उत्तरांवरून चार पातळ्या ठरतात. माणसाच्या हक्कावर, पोटावर जितका जास्त परिणाम, जितका तो परत फिरवायला अवघड, तितकी पातळी वरची, आणि वरच्या पातळीवर शेवटचा निर्णय माणसानेच घ्यायचा. तुम्ही तुमच्या शाखेची कामं अशी लावून बघा ना. टपालाची वर्गवारी खालच्या पातळीला, भाषांतर त्याच्या वर, अनुदान थांबवणं सगळ्यात वर.

निराधार_टेबल

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून मसुदा केला. पहिलीच ओळ अशी घेतलीय की यादीवर 'थांबवावे' हा शेरा मारता येणार नाही, फक्त 'तपासावे' एवढाच मारता येईल, आणि थांबवण्याचा आदेश नोटीस व सुनावणीनंतर तहसीलदारांच्या सहीने, कारणासह. त्याखाली रजिस्टर, तीन महिने चाचणी, चुकीच्या नावांची मोजणी, चाचणी थांबवायचा अधिकार, मोबाईलवरच्या दोन ओळी, तपासणीला दिवस आणि माणसं, आणि ताईंचं वाक्य. कामांची वर्गवारी पण जोडतो, अनुदान थांबवणं सगळ्यात वर. आजींची गोष्ट पण लिहिलीय, नाव न घालता. शेरा माझा होता हे पण लिहिलंय.

अडलंय एका ठिकाणी. नोटिशीचा नमुना. आमच्याकडचा जुना आहे त्यात 'उपरोक्त विषयान्वये आपणास कळविण्यात येते की' पासून सुरुवात, आजींना तो कुणी वाचून दाखवला तरी कळणार नाही.

माहिती_हक्क

हा घ्या, हवा तसा बदला:

'आपलं निराधार अनुदान सध्या चालू आहे, बंद केलेलं नाही. संगणकाने काढलेल्या यादीत आपलं नाव दुसऱ्या एका व्यक्तीच्या नावाशी जुळतं असं दिसलं आहे. जुळलेल्या गोष्टी: नाव, गाव, जन्मतारीख. ही यादी चुकू शकते. आपण वेगळ्या व्यक्ती आहात हे दाखवायला पासबुक किंवा आधार कार्ड घेऊन दिनांक ____ ला कार्यालयात या. येणं शक्य नसेल तर तलाठी आपल्या घरी येतील, त्यासाठी ____ या नंबरवर कळवा. आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय अनुदान थांबवलं जाणार नाही. निर्णय मान्य नसेल तर ____ यांच्याकडे अपील करता येईल.'

मुख्यसेविका_ताई

छान आहे. अक्षर मोठं ठेवा, आणि नोटीस नुसती दारात टाकून येऊ नका, कोतवालाला सांगा वाचून दाखवायला आणि मग अंगठा घ्यायला. आमच्या बायका सरकारी कागद दिसला की आधी घाबरतात, म्हणून 'चालू आहे, बंद केलेलं नाही' ही ओळ सगळ्यात वर आहे ती तिथेच राहू द्या. आणि बाजारच्या दिवशी बोलवा, एकाच एसटीच्या भाड्यात दोन्ही कामं होतात.

निराधार_टेबल

आमच्याकडे बाजार गुरुवारी. तारखेच्या जागी गुरुवारच टाकतो. सोमवारी टिपणी ठेवली की इथे कळवतो.